ट्रान्सफर केसमधील गिअर गुणोत्तराची निवड

ट्रान्सफर केस म्हणजे चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या वाहनात गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली दंतचक्रांची दुसरी पेटी होय. इंजिनाची शक्ती पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे वाटून देणे हे तिचे पहिले काम, आणि गरज पडेल तेव्हा वेग आणखी उतरवून फिरवण्याचा जोर (टॉर्क) वाढवणे हे दुसरे. या दुसऱ्या कामासाठी तिच्यात हाय आणि लो अशा दोन पायऱ्या असतात. लो पायरीत आत येणारा दंड जितके फेरे घेतो तेव्हा बाहेरचा दंड एक फेरा घेतो, तो आकडा म्हणजे तिचे लो रेंज गुणोत्तर. आकडा मोठा तितकी चाल मंद आणि जोर अधिक.

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक वाहनांत हे गुणोत्तर २ ते २.७२ यांच्या दरम्यान असते. खडकाळ वाटांसाठी ट्रक नव्याने बांधणाऱ्यांना मात्र ते स्वतः ठरवावे लागते. हा छंद विशेषतः अमेरिकेत रुजला असून तेथे त्यासाठी वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या पेट्या आणि दंतचक्रांचे संच विकत मिळतात. आकडा गरजेपेक्षा लहान निघाला तर चालकाला अर्धा क्लच दाबून गाडी रेटावी लागते व क्लच जळतो. उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. आकडा गरजेपेक्षा मोठा निघाला तर एखाद्या अडकलेल्या चाकावर इतका जोर जातो की ॲक्सलचा दंड किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटतो, आणि वाहन रस्त्यापासून दूर अडकून पडते.

क्रॉल गुणोत्तर

ट्रान्सफर केसचा आकडा एकटा पाहून काही ठरवता येत नाही. गिअरबॉक्सचा पहिला गिअर, ट्रान्सफर केसची लो पायरी आणि ॲक्सलमधील क्राउन-पिनियन यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे वाहनाचे क्रॉल गुणोत्तर. इंजिनाच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरते, ते हा आकडा सांगतो.

दुसऱ्या महायुद्धातील विलिस एमबी जीप आणि १९४५ मध्ये आलेली तिची नागरी आवृत्ती सीजे-२ए यांची तुलना या दृष्टीने बोधक आहे. लष्करी जीपमध्ये पहिला गिअर २.६६५, ट्रान्सफर केस १.९७ आणि ॲक्सल ४.८८, म्हणजे क्रॉल गुणोत्तर जेमतेम २६ होते. नागरी जीप शेतकऱ्यांना विकायची होती. तिने नांगर ओढावा, मळ्यातून रांगत जावे अशी अपेक्षा होती. त्यासाठी पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केस २.४३ आणि ॲक्सल ५.३८ असे तिन्ही आकडे वाढवले गेले व गुणाकार ३७ च्या आसपास पोहोचला. दोन्ही वाहनांचा सांगाडा जवळपास तोच; बदलले ते काम, आणि कामाबरोबर आकडे.

आधुनिक टोकाचे उदाहरण म्हणून जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीकडे पाहता येईल. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातल्या रुबिकॉन या खडकाळ वाटेवरून तिचे नाव पडले. २००३ मध्ये ती आली तेव्हा तिच्यात ४:१ लो गुणोत्तराची ट्रान्सफर केस कारखान्यातूनच बसवलेली होती. पुढे सहा गतींच्या गिअरबॉक्ससह (पहिला गिअर ४.४६) आणि ४.१० ॲक्सलसह तिचे क्रॉल गुणोत्तर ७३ झाले.

जोर की संथपणा

मोठे गुणोत्तर जोरासाठी लागते, ही समजूत अर्धीच खरी आहे. चाकाला किती जोर जमिनीत उतरवता येईल हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरते. २,५०० किलो वजनाचा ट्रक, सुमारे ४४ सेंटिमीटर त्रिज्येचे टायर आणि कोरड्या खडकावरचा घर्षणांक ०.८ धरला, तर चारही चाके मिळून साधारण ८,६०० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त टॉर्क जमिनीत जाऊच शकत नाही. त्यापुढे टायर घसरतात. इंजिन कमाल ३५० न्यूटन-मीटर देत असेल तर ही मर्यादा सुमारे २५ च्या क्रॉल गुणोत्तराशीच गाठली जाते. म्हणजे पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा असेल, तर जुन्या लष्करी जीपइतके गुणोत्तरही पुरे.

पण खडकावर कोणी पूर्ण ॲक्सिलरेटर दाबत नाही. तेथे इंजिन निष्क्रिय वेगाच्या जरा वर, मिनिटाला ८०० ते १,००० फेऱ्यांवर चालवायचे असते, आणि त्या वेगाला इंजिनाचा टॉर्क कमालीच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. तो १५० न्यूटन-मीटर धरला, तर तीस अंशांच्या चढावर हेच वाहन केवळ तोलून धरण्यासाठी ३६ चे गुणोत्तर लागते. घर्षणात जाणारा भाग वेगळाच. त्यामुळे मोठ्या गुणोत्तराचा खरा उपयोग असा की हवा तेवढा जोर इंजिन न पळवता, चाक न फिरवता, पायाच्या हलक्या दाबावर मिळतो. टायर दगडावर हळूच चढतो, त्याची पकड सुटत नाही, आणि पुढचा दगड कोठे आहे हे पाहायला चालकाला वेळ मिळतो. म्हणूनच पेटी निवडताना अनुभवी लोक टॉर्कच्या आधी निष्क्रिय वेगावरील चाल मोजतात.

ही चाल काढणे सोपे आहे. इंजिनाचे मिनिटाचे फेरे भागिले क्रॉल गुणोत्तर, गुणिले टायरचा परीघ, की मिनिटाला किती मीटर ते मिळते. ३५ इंच (सुमारे ८९ सेंटिमीटर) व्यासाच्या टायरचा परीघ २.७९ मीटर असतो. वजनाखाली टायर थोडा दबत असल्याने प्रत्यक्षातला आकडा किंचित कमी भरतो.

एक उदाहरण : १९७३–१९८७ चे शेव्हरोले ट्रक

या मालिकेतील चारचाकी चालनाचे पिकअप ट्रक अमेरिकेत पुनर्बांधणीसाठी आजही लोकप्रिय आहेत. त्यांच्यात काळानुसार तीन प्रकारच्या ट्रान्सफर केस आढळतात. एनपी २०५ ही ओतीव लोखंडाची, साखळी नसलेली, केवळ दंतचक्रांवर चालणारी पेटी. तिचे लो गुणोत्तर १.९६. एनपी २०३ ही आत डिफरन्शियल असलेली, चारही चाकांना कायम शक्ती देणारी पेटी, गुणोत्तर २.०१. १९८० च्या दशकात एनपी २०८ आली. तिचे कवच ॲल्युमिनियमचे, पुढच्या ॲक्सलचे चालन साखळीने, आणि गुणोत्तर २.६१. कागदावर २०८ सरस दिसते, तरी बळकटीसाठी नाव आहे ते २०५ चे, आणि जड टायर लावणारे बहुतेक जण कमी गुणोत्तर पत्करून तीच शोधतात.

ट्रकमध्ये एसएम ४६५ हा हाती गिअरबॉक्स असेल तर २०५ चे उणेपण फारसे जाणवत नाही, कारण या गिअरबॉक्सचा पहिला गिअरच ६.५५ आहे. ४.१० क्राउन-पिनियनसह क्रॉल गुणोत्तर ५२.६ होते आणि ३५ इंची टायरवर, ८०० फेऱ्यांना, ट्रक ताशी सुमारे अडीच किलोमीटर चालतो. हा माणसाच्या चालीच्या निम्मा वेग झाला. टीएच ४०० हा स्वयंचलित गिअरबॉक्स असेल तर चित्र बदलते. त्याचा पहिला गिअर २.४८ असल्याने गुणाकार जेमतेम २० भरतो आणि निष्क्रिय वेगावरील चाल ताशी पावणेसात किलोमीटरपर्यंत जाते. खडकांत ती धावण्यासारखीच.

यावर स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते चढापुरते बरोबर आहे. त्यातील टॉर्क कन्व्हर्टर गाडी जागेवर अडली असताना इंजिनाचा टॉर्क साधारण दुप्पट करतो, घसरतो आणि त्यामुळे क्लच जळण्याचा प्रश्नच येत नाही. पण उतारावर कन्व्हर्टर उलट दिशेने असा काही गुणाकार करत नाही. तो सैल पडतो आणि इंजिनाचा अडसर कमी होतो. म्हणून स्वयंचलित ट्रकला ट्रान्सफर केसचे मोठे गुणोत्तर चढापेक्षा उताराला अधिक लागते. तीव्र उतारावर केवळ ब्रेकवर उतरणारे वाहन चाके रोखली गेल्यास घसरू लागते आणि आडवे झाल्यास उलटू शकते. इंजिनाने धरून ठेवलेल्या वाहनाची चाके मात्र फिरत राहतात, त्यामुळे स्टिअरिंग हाती राहते.

ॲक्सलऐवजी ट्रान्सफर केस का

तोच गुणाकार क्राउन-पिनियन बदलूनही वाढवता येतो. फरक असा की ॲक्सलमधील बदल प्रत्येक गिअरमध्ये, रस्त्यावरही, लागू होतो. वरील ट्रक ताशी ९० किलोमीटर वेगाने, थेट वरच्या गिअरमध्ये चालला तर ४.१० च्या क्राउन-पिनियनसह इंजिन मिनिटाला सुमारे २,२०० फेरे घेते, ५.१३ बसवले तर २,७५० च्या पुढे. शिवाय पुढचा आणि मागचा असे दोन्ही संच बदलावे लागतात, ते एकमेकांशी जुळावे लागतात, आणि गुणोत्तर वाढेल तसा पिनियन लहान व नाजूक होत जातो. ट्रान्सफर केसची हाय पायरी बहुतेक वेळा १:१ असते. त्यामुळे तिची लो पायरी कितीही बदलली तरी रस्त्यावरच्या चालीला धक्का लागत नाही.

याचा अर्थ ॲक्सलला हात लावू नये असा नाही. मोठे टायर हे स्वतःच गुणोत्तर कमी करतात. ३१ इंचांऐवजी ३५ इंची टायर लावले की ४.१० चे क्राउन-पिनियन जणू ३.६३ चे झाल्यासारखे वागते. पूर्वीची चाल परत मिळवायची तर ४.६३ लागेल, म्हणजे बाजारात मिळणाऱ्यांपैकी ४.५६. हा हिशेब रस्त्यासाठी आहे आणि तो आधी मिटवावा. मग राहिलेली उणीव ट्रान्सफर केसने भरून काढावी. क्रम उलटा केल्यास रस्त्यावर वरचा गिअर न ओढणारा आणि रानात गरजेपेक्षा संथ असा ट्रक हाती येतो.

दुसरी बाजू बळकटीची. गुणोत्तर जेथे वाढवले जाते तेथून पुढच्या सर्व भागांवर वाढीव टॉर्क येतो, मागच्या भागांवर नाही. ॲक्सलमध्ये वाढवले तर प्रोपेलर शाफ्ट सुटतो. ट्रान्सफर केसमध्ये वाढवले तर शाफ्ट, क्रॉस, पिनियन, ॲक्सलचे दंड सगळे त्या माऱ्यात येतात. मर्सिडीज-बेंझच्या उनिमोगसारख्या वाहनांत चाकाजवळच अखेरचे गुणोत्तर ठेवलेले असते. त्यामागे जमिनीपासून उंची मिळवण्याबरोबर हाही हिशेब आहे : जोर अगदी शेवटी वाढला की आतले दंड सडपातळ चालतात.

सपाटीवर टायरचे घसरणे हाच या यंत्रणेचा फ्यूज असतो. पकडीपेक्षा जास्त टॉर्क आला की चाक फिरते आणि भाग वाचतात. टायर दोन दगडांच्या फटीत रुतला, किंवा लॉक केलेल्या डिफरन्शियलमुळे ॲक्सलचा सारा भार एकाच चाकावर आला, की हा फ्यूज निकामी होतो आणि सर्वांत दुबळा भाग त्याची जागा घेतो. वरील ट्रकच्या पहिल्या गिअरमध्ये, लो पायरीत, ३५० न्यूटन-मीटरच्या इंजिनातून ट्रान्सफर केसबाहेर कागदोपत्री सुमारे ४,५०० न्यूटन-मीटर निघतात. गुणोत्तर दुप्पट केले तर तेही दुप्पट. इतके मोठे गुणोत्तर बसवणाऱ्याने पुढच्या ॲक्सलचे दंड आणि सांधे आधी पाहावेत. वळवलेल्या चाकाचा सांधा कोनात असताना सर्वांत आधी जातो.

दोन पेट्या

एनपी २०३ ची रचना अशी आहे की तिचा पुढचा, गती उतरवणारा भाग बाकीच्या पेटीपासून वेगळा काढता येतो. तो भाग जोडपट्टीच्या साह्याने एनपी २०५ च्या पुढे बसवला की २.०१ आणि १.९६ यांचा गुणाकार, म्हणजे ३.९४, हाती येतो. या जोडणीला डबलर म्हणतात. दोन जुन्या पेट्यांतून ४:१ चे काम साधणारी ही युक्ती आहे. एसएम ४६५ सह क्रॉल गुणोत्तर १०६ च्या आसपास जाते आणि निष्क्रिय चाल ताशी सव्वा किलोमीटरवर येते. टीएच ४०० सह ते ४० होते, आणि या डबलरचा खरा लाभार्थी हाच स्वयंचलित ट्रक आहे. एसएम ४६५ वाल्याने तो लावण्यापूर्वी आपल्याला खरोखर १०६ हवे आहेत का, हे स्वतःला विचारावे.

डबलरचा एक दोष असा की त्याच्या मधल्या दोन पायऱ्या, १.९६ आणि २.०१, जवळजवळ एकच आहेत. चार पायऱ्यांचे पैसे देऊन तीनच मिळतात. टोयोटाच्या जुन्या चार-सिलिंडर पिकअप ट्रकमध्ये ही अडचण टाळता येते. त्याची दंतचक्रांवर चालणारी ट्रान्सफर केस २.२८ ची, डब्ल्यू ५६ गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.९५ आणि ॲक्सल ४.१० असेल तर मूळ क्रॉल गुणोत्तर ३७. मार्लिन क्रॉलर या कॅलिफोर्नियातील कंपनीचा ४.७० चा संच आत बसवला की ते ७६ होते. मूळ पेटीचा गती उतरवणारा भाग पुढे आणि ४.७० ची पेटी मागे अशी जोडी लावली तर १, २.२८, ४.७० आणि १०.७ अशा चार स्पष्ट वेगळ्या पायऱ्या मिळतात. शेवटच्या पायरीत क्रॉल गुणोत्तर १७३ होऊन, ३३ इंची टायरवर, ८०० फेऱ्यांना वाहन मिनिटाला केवळ बारा मीटर सरकते. रोज ही पायरी कोणाला लागत नाही, पण २.२८ ची पायरी हाताशी राहिल्यामुळे वाळू आणि चिखलासाठी वाहन निकामी होत नाही, हे या जोडीचे मोठे गुण आहे.

एकट्या पेटीतच मोठे गुणोत्तर हवे असणाऱ्यांसाठी ॲडव्हान्स ॲडाप्टर्स या कंपनीची ॲटलस ही दंतचक्रांवर चालणारी पेटी २.० पासून ५.० पर्यंतच्या निरनिराळ्या गुणोत्तरांत मिळते. ती महाग आहे, पण तिच्यामुळे लांबी वाढत नाही. डबलरने लांबी वाढते, मागची पेटी आणखी मागे सरकते, मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो व त्याचा कोन तीव्र होतो. आखूड सांगाड्याच्या वाहनात हा कोन क्रॉसला झेपत नाही आणि दुहेरी सांध्याचा शाफ्ट करून घ्यावा लागतो.

जमिनीप्रमाणे निवड

खडकावर संथपणा हवा. वाळूत आणि खोल चिखलात तोच मारक ठरतो. तेथे चाकाला वेग लागतो, म्हणजे टायरच्या खाचांतला चिखल उडून जातो आणि वाहन गतीच्या जोरावर पुढे निघते. वरील १०६ च्या ट्रकने पहिल्या गिअरमध्ये इंजिन ४,००० फेऱ्यांना पळवले तरी चाल ताशी साडेसहा किलोमीटरही होत नाही. अशा वेळी लो पायरीतच वरचे गिअर वापरावे लागतात, आणि चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये त्यांच्यातील अंतर मोठे असल्याने नेमका हवा तो वेग मधल्या फटीत हरवतो. वाळवंटात किंवा समुद्रकिनाऱ्यावर चालवायच्या वाहनाला म्हणूनच २ ते २.७ चे गुणोत्तर बरे. बर्फ आणि मिश्र वाटांसाठी क्रॉल गुणोत्तर ४० ते ५०, नियमित खडकाळ वाटांसाठी ६० ते ८०, आणि केवळ खडक चढण्यासाठी बांधलेल्या वाहनाला १०० च्या पुढे असे ढोबळ अंदाज छंदिष्टांत रूढ आहेत. वजनदार वाहनाने, आणि कमी फेऱ्यांना टॉर्क न देणाऱ्या लहान पेट्रोल इंजिनाच्या वाहनाने, त्यातले वरचे टोक धरावे. डिझेल इंजिनाला खालचे टोक बहुधा पुरते.

सुझुकीची वेगळी रीत

वर सांगितलेला नियम, की ट्रान्सफर केस बदलल्याने रस्त्यावरची चाल बदलत नाही, सुझुकी सामुराईला लागू पडत नाही. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसून एका लहान शाफ्टने जोडलेली स्वतंत्र पेटी आहे, आणि तिची हाय पायरीही १:१ नसून १.४०९ आहे, लो २.२६८. त्यामुळे तिच्यासाठी मिळणारा ४.१६ चा संच बसवला की लो पायरीचे गुणोत्तर सुमारे ८३ टक्क्यांनी वाढते, पण हाय पायरीचेही सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. मोठे टायर लावलेल्या मालकाला हे एका परीने वरदानच. टायरने घालवलेली रस्त्यावरची चाल त्याच पेटीतून परत येते आणि क्राउन-पिनियन बदलण्याचा खर्च वाचतो. मूळ आकाराचे टायर ठेवणाऱ्याच्या वाट्याला मात्र महामार्गावर कण्हणारे इंजिन येते.

भारतात १९८५ पासून विकली गेलेली मारुती जिप्सी याच सुझुकी घराण्यातील असून तिचीही ट्रान्सफर केस अशीच वेगळी आहे. त्याआधीची ओळख जीपची : महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्रातील जुन्या मेकॅनिकांना हाय-लोची पेटी परिचित झाली ती याच वाहनांमुळे. भारतात असे बदल करताना मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ ध्यानात घ्यावे लागते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. टायरचा आकार वा क्राउन-पिनियन बदलल्यास वेगमापकही चुकीचा वेग दाखवू लागतो. ट्रान्सफर केसच्या बाहेरच्या दंडावरून वेगमापक चालत असेल, तर केवळ लो गुणोत्तर बदलल्याने त्यात फरक पडत नाही.